तीन नंबरची वायर

आमच्या घरी कॉम्प्युटर वर्षातून दोनदा जागा बदलतो. हॉलच्या ज्या कोपऱ्यात त्याचं टेबल आहे त्याच कोपऱ्यात गणपती बसतो. त्यामुळे गणपतीच्या आधी टेबल आतल्या खोलीत जातं आणि विसर्जनानंतर परत बाहेर येतं. एका वर्षी परत जोडताना सगळ्या वायरींचा गुंता झाला आणि माझा पाऊण तास गेला. तेव्हा मी प्रत्येक वायरला आणि ती जिथे लागते त्या जागेला नंबर लावून टाकले. पांढऱ्या कागदाचे लहान चौकोन, त्यावर काळ्या पेनाने आकडा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी. एक म्हणजे सीपीयूची वीज, दोन मॉनिटरची वीज, तीन मॉनिटरला चित्र नेणारी वायर, चार कीबोर्ड, पाच माऊस. त्यानंतर मला जोडायला चार मिनिटांपेक्षा जास्त कधी लागली नाहीत. याचा मला अभिमान होता, हे आधीच सांगतो.

मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर काम करतो. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, दोन्हींतला फरक. बावीस वर्षं हेच. काट्यावर ड्रायव्हर पाय टेकवून उभा असला तरी मी त्याला उतरून बाजूला व्हायला लावतो. बाहेर लोक मला कटकट्या म्हणतात ते मला माहीत आहे. घरातही म्हणत असतील.

मुलगी बारावी झाली त्या वर्षी प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या आणि पहिल्या फेरीचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस नेमका गणपतीच्या दोन दिवस आधी आला. शुक्रवार, संध्याकाळी पाच. तिला आर्किटेक्चरला जायचं होतं. नववीपासून तिचं तेच होतं. पनवेलच्या जुन्या बाजारातल्या घरांचे दरवाजे, स्टँडची शेड, कुठलाही जिना दिसला की वही काढायची. मुंबईतली दोन कॉलेजं तिच्या मनात होती, दोन्ही घरून जाऊन-येऊन करता येण्यासारखी. मार्क तिने मिळवले होते. उरलं होतं ते कॉलेजांचा पसंतीक्रम लावून अर्ज कन्फर्म करणं. ते काम मी घेतलं होतं, म्हणजे तिच्याकडून काढूनच घेतलं होतं. नोंदणीला मोबाईल नंबर माझा दिला होता, कारण तिचा फोन कुठेही पडलेला असतो.

मी बेचाळीस कॉलेजांची यादी केली. प्रत्येकासमोर अंतर, फी, जागा, मागच्या वर्षी शेवटचा प्रवेश किती मार्कांना झाला तो आकडा. त्याप्रमाणे साइटवर क्रम लावून ठेवला होता. फक्त कन्फर्म केलं नव्हतं. एकदा कन्फर्म केलं की त्या फेरीत बदल करता येत नाही, म्हणून शेवटची तपासणी मी शुक्रवारी दुपारी करणार होतो. गुरुवारी रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, आजच करून टाकू ना." मी म्हटलं, सहाव्या आणि सातव्याची अदलाबदल करायची की नाही ते अजून ठरलेलं नाही. पानातला भात तिने एका बाजूला केला, तेवढंच आठवतं.

शुक्रवारी मी रजा टाकली होती. मखर करायला माझा चुलतभाऊ येतो, उरणकडच्या आमच्या गावातून. सुतारकाम त्याच्या हातात आहे. तो साडेदहाला आला, बांबू आणि पुठ्ठे घेऊन, आणि आल्या आल्या कोपरा रिकामा करून मागितला. माझ्या वेळापत्रकात ते धरलेलं होतंच. अकराला कॉम्प्युटर बंद केला, वायरी काढल्या, दोघांनी टेबल आत नेलं. आतल्या खोलीत जागा कमी, म्हणून सीपीयूची पाठ भिंतीकडे गेली. मी गुडघ्यावर बसून, टॉर्च तोंडात धरून, एक ते पाच नंबर लावले. अकरा वाजून वीस मिनिटांनी बटण दाबलं. पंखा फिरला, सीपीयूचा निळा दिवा लागला, कीबोर्डवरचाही दिवा लागला. मॉनिटर काळा.

पुन्हा चालू केला. काळा. मॉनिटरचा स्वतःचा दिवा आधी पिवळा व्हायचा आणि मग लुकलुकायला लागायचा. तिसऱ्यांदा चालू केल्यावर थोड्या वेळाने स्पीकरमधून कॉम्प्युटर सुरू झाल्याचा नेहमीचा सूर आला. म्हणजे आत सगळं चाललं होतं. माझी यादीही आत होती. फक्त दिसत नव्हती.

चुलतभाऊ दारात येऊन उभा राहिला. "दादा, मशीन चालू हाय तुझी," तो म्हणाला, "पन तोंड दाखवत नाय. रुसली." मी त्याला त्याचं काम बघायला सांगितलं.

मग मी पद्धतशीरपणे सुरुवात केली. प्रत्येक गोष्ट करून झाली की वहीत वेळ लिहायचो. मॉनिटरची वीज काढून दुसऱ्या सॉकेटला लावली. बटण तीस सेकंद दाबून धरलं. ब्राइटनेसची बटणं दाबून पाहिली. तीन नंबरची वायर दोन्ही टोकांनी काढली, फुंकर मारली, परत लावली. तीन तीनमध्ये. अकरा पंचेचाळीस.

मुलगी तोपर्यंत मागे येऊन उभी राहिली होती. "मी बघू का मागे? ती वायर..." असं काहीतरी तिने सुरू केलं. मी म्हटलं, नंबर घातलेले आहेत. ती म्हणाली, "हो, पण..." आणि मी म्हटलं, "आता यात दोन हात नकोत. मी काय काय केलंय ते मला माहीत आहे. तू मध्ये आलीस तर काय केलं आणि काय नाही याचा पत्ता लागणार नाही."

हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. आवाज मी चढवला नव्हता. वजनकाट्यावर मी ज्या आवाजात बोलतो त्याच आवाजात बोललो. ती बाहेर जाऊन काकाला पुठ्ठा धरायला बसली.

बाराला मी दुकानदाराला फोन लावला. जुन्या बाजारातला तो मुसलमान गृहस्थ माझ्याच वयाचा आहे. कॉम्प्युटर त्याच्याकडूनच घेतला आणि दुरुस्तीही तोच करतो. सज्जन माणूस. मार्चमध्ये मुलीचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर नीट चालेना म्हणून त्यानेच घरी येऊन ग्राफिक कार्ड बसवलं होतं. मी कामावर होतो, मुलगी घरी होती. फोनवर त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट दोनदा विचारली.

"साहेब, वायर जिथून काढली तिथेच लावलीत ना?"

"तिथेच. नंबर आहेत सगळ्यांना."

"मग ठीक आहे. तुमच्याकडे चुकणार नाही."

वायर बरोबर आहे असं धरून तो मग पुढच्या गोष्टींकडे गेला, आणि मीही गेलो. रॅम काढा, तिच्या पिना खोडरबराने पुसा, परत बसवा. आज जुम्मा आहे, नमाज आहे, नंतर गणपतीच्या घाईची दोन कामं आहेत, इन्शाअल्ला सहाला येतो. मी म्हटलं, पाचच्या आत हवं आहे. तो म्हणाला, प्रयत्न करतो, पण कबूल करत नाही.

मुलीच्या कंपासपेटीतून खोडरबर घेतलं. रॅम काढली, पुसली, बसवली. काळा. शेजारच्यांचा मॉनिटर उचलून आणला. त्याला तीच वायर, तोच नंबर. तोही काळा. यावरून मी निष्कर्ष काढला की मॉनिटर ठीक आहे आणि बिघाड सीपीयूत आहे, आणि वहीत तसं लिहून खाली रेघ मारली. एक पस्तीस.

दीडच्या सुमारास बायकोने पानं घेतली होती. ती म्हणाली, स्टँडजवळ सायबर कॅफे आहे, जाऊन या दोघं. मी म्हटलं, बाहेरच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकायचा नसतो. ती म्हणाली, "तुमचं बरोबरच असेल हो. पण पाच वाजता बंद होणार आहे ना ते?" मी म्हटलं, अजून तीन तास वीस मिनिटं आहेत.

दोन वाजता मुलगी स्वतःचा मोबाईल घेऊन आली. तिने साइट उघडलेली होती. बेचाळीसचा क्रम तिथे दिसत होता, मी लावून ठेवलेला. तो कन्फर्म करायला ओटीपी लागायचा आणि ओटीपी माझ्या फोनवर यायचा.

"बाबा, आहे तसा कन्फर्म करते. फक्त ओटीपी द्या."

मी म्हटलं, सहा आणि सात बदलायचे आहेत.

"मी इथेच बदलते."

मी तिला समजावून सांगितलं की मोबाईलवर बोटाने ओळ ओढताना तिच्याखालची सगळी यादी सरकते. मी आठवड्यापूर्वी करून पाहिलं होतं, अकरावं सतराव्यावर गेलं होतं. मोठ्या स्क्रीनवर सगळं एका नजरेत दिसतं. ती म्हणाली, "मग नका बदलू. सहा-सातपर्यंत जाणारच नाही माझं." मी म्हटलं, असं गृहीत धरून चालत नाही.

हॉलमधून चुलतभाऊ म्हणाला, "दे ना रे दादा तिला. बायला तुझ्यापेक्षा जास्त कलतंय." मी म्हटलं, तुझ्या मखराचा डावा खांब कललाय. त्याने खांबाकडे पाहिलं. खांब खरंच कललेला होता.

त्यानंतरचे अडीच तास मी सांगत बसत नाही. वहीत आहेत. कॉम्प्युटर मी एकूण चौदा वेळा बंद करून चालू केला. दर वेळी तो सूर यायचा आणि दर वेळी मला वाटायचं की आता दिसेल. मुलगी दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून परत गेली. तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

चार एकेचाळीसला मी हात पुसले, बाहेर आलो आणि तिला म्हटलं, कर. सहा-सात राहू देत.

ती मखरासमोर जमिनीवर बसली होती. मोबाईल तिच्या हातातच होता. तिने ओटीपी मागवला. आम्ही दोघंही माझ्या फोनकडे बघत होतो. शेवटच्या वीस मिनिटांत माझ्यासारखे किती बाप साइटवर होते कोण जाणे. चक्र फिरत राहिलं. चार बावन्नला ओटीपी आला, मी वाचून दाखवला, तिने टाकला, वेळ संपली असं उत्तर आलं. तिने पुन्हा मागवला. तो चार एकोणसाठला आला. सहा आकडे. मी ते नेहमीसारखे दोन-दोन करून सावकाश वाचले, चुकायला नको म्हणून. तिने शेवटचा आकडा दाबला आणि पान बदललं. या फेरीची मुदत संपली आहे.

चुलतभावाने हातातली हातोडी हळूच चटईवर ठेवली. बायको आतून विचारत आली, झालं का, आणि आमचे चेहरे बघून उंबऱ्यातच थांबली.

मुलगी उठली. मला वाटलं रडायला आत गेली. ती आतल्या खोलीत गेली, सीपीयू भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, वाकून मागे पाहिलं आणि तीन नंबरची वायर उपटून खाली, जिथे कुठलाही नंबर नव्हता अशा जागी लावली. बटण दाबायलाही लागलं नाही, कॉम्प्युटर चालूच होता. मॉनिटर लागला.

मार्चमध्ये कार्ड बसवलं तेव्हा चित्र त्या कार्डातून यायला लागलं होतं आणि दुकानदाराने वायर कार्डाला लावून दिली होती. वरची जुनी जागा तेव्हापासून बंदच होती. तिच्यावर माझ्या अक्षरातला तीन मात्र तसाच होता. अकरा वाजता वायर काढताना ती नंबर नसलेल्या जागेतून निघाली, हे मी बघितलं नव्हतं. मी नंबर बघून लावतो, त्यामुळे काढताना बघत नाही.

"हेच सांगत होते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

दुकानदार सव्वापाचलाच आला, नमाजानंतरचं एक काम टाकून. मॉनिटर लागलेला बघून त्याला बरं वाटलं. मग काय झालं ते चुलतभावाने त्याला सांगितलं. त्याने मागे वाकून नंबर पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. "साहेब, चूक माझी," तो म्हणाला. "कार्ड टाकलं तेव्हाच तुमचा तो कागद खाली लावायला हवा होता. फोनवर तरी मला आठवायला हवं होतं." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यालाही दोन मुली आहेत. तुमची चूक नाही, असं मी त्याला म्हणालो नाही. चहा घ्या म्हटलं. मुलगी तिथेच उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मी वाट बघितली, पण तिनेही माझ्या वतीने काही सांगितलं नाही. तो माणूस चूक स्वतःबरोबर घेऊन जिना उतरून गेला.

गणपती बसले. मखर चांगलं झालं होतं, सगळ्यांनी तसं म्हटलं. चौथ्या दिवशी पहिल्या फेरीची यादी लागली. कोणत्या कॉलेजात शेवटचा प्रवेश किती मार्कांना झाला, ते मी बघितलं. बघणं टाळता आलं असतं, पण मला ते जमत नाही. पहिल्या कॉलेजात तिचे मार्क थोडक्यात कमी पडत होते. दुसऱ्यात शेवटचा प्रवेश तिच्यापेक्षा कमी मार्कांना झाला होता. सहावं आणि सातवं कुठेच आडवं येत नव्हतं. मी यादी बंद केली आणि कुणाला काही बोललो नाही.

त्या संध्याकाळी आरती झाल्यावर बायकोने विचारलंच. आम्ही तिघंच होतो. ती म्हणाली, "अर्ज गेला असता तर मिळालं असतं का हो?"

मी म्हटलं, तसं सांगता येत नाही. बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतं.

मुलगी निरांजनाची वात पुढे करत होती. तिने मान वर केली नाही. "दुसरं मिळालं असतं, आई," ती म्हणाली. "बाबांनी बघितलंय. दुपारी बघत होते."

बायको माझ्याकडे बघत राहिली. मी बावीस वर्षं काट्यावर बसतो, एक किलोचा आकडा कधी खोटा लिहिला नाही. घरात पहिल्यांदा लिहिला आणि तो तिथल्या तिथे पकडला गेला.

दुसऱ्या फेरीच्या आधी मुलीने नोंदणीचा मोबाईल नंबर बदलून स्वतःचा टाकला. त्यासाठी एक ओटीपी माझ्या फोनवर आला. तिने मागितला, मी दिला. तोच शेवटचा. अर्ज तिने विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता मोबाईलवर भरला. मी समोर पेपर घेऊन बसलो होतो. पाच-सहा मिनिटं झाली असतील. मी विचारलं, सहावं-सातवं कसं लावलंस.

"चारच भरलीत," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

त्या चारांतलं चौथं मिळालं. मुंबईतली दोन्ही तोपर्यंत भरली होती. कॉलेज घाटापलीकडे आहे, ती होस्टेलवर राहते, पंधरा दिवसांनी येते. आली की आईशी बोलते, काकाच्या गावाला जाऊन येते. माझ्याशी नीट बोलते. विचारलं तर उत्तर देते आणि जेवढं विचारलं तेवढंच देते. होस्टेलला तिने लॅपटॉप नेलाय. कुठला घ्यायचा ते तिने आणि दुकानदाराने मिळून ठरवलं. मला फक्त बिल दाखवलं.

कॉम्प्युटर हॉलच्या कोपऱ्यात आहे. तो आता कुणी फारसा लावत नाही. मी रविवारी धूळ पुसतो तेव्हा एकदा चालू करतो. वरच्या जागेवरचा तीन मी नखाने खरवडून काढला आणि नवा कागद करून खाली कार्डाशी लावला. आता सगळं बरोबर आहे.